बंद कॅव्हिटीतलं पाणी, हवा आणि व्हॉल्यूम कंट्रोल (अबॅकसवाल्यांसाठी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिलिकॉनची बोटं (सॉफ्ट रोबोटची, आतून फुगवली की वाकणारी) फुगवणारे, टायरवाले, हार्टचं मॉडेल करणारे, हायड्रॉलिक माउंटवाले, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून टाकतोय. उदाहरणं अबॅकस या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरची आहेत कारण विचारणारे बहुतेक तेच वापरतात, बाकी सॉफ्टवेअरवाल्यांनी प्रश्न १८ बघा. युनिट्स सगळीकडे मिलिमीटर, टन, सेकंद, एमपीए. कीवर्ड देवनागरीत लिहिलेत, इनपुट फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

१. फ्लुइड कॅव्हिटी म्हणजे नक्की काय? आत पाण्याचे एलिमेंट भरायचे असतात का?

नाही, आत काहीच भरायचं नाही, आतून मेश (एलिमेंटची जाळी) रिकामाच असतो. तुम्ही फक्त पोकळीची आतली भिंत एक सरफेस म्हणून दाखवायची आणि एक रेफरन्स नोड द्यायचा. सॉफ्टवेअर त्या नोडपासून भिंतीच्या प्रत्येक फॅसेटपर्यंत (छोट्या तुकड्यापर्यंत) एकेक पिरॅमिड कल्पून सगळ्यांची बेरीज करतं, ते झालं कॅव्हिटीचं व्हॉल्यूम. त्या नोडला एकच खास डिग्री ऑफ फ्रीडम (सोडवून काढायचा आकडा) असते, नंबर ८, म्हणजे आतलं प्रेशर. भिंत हलली की व्हॉल्यूम बदलतं, व्हॉल्यूम बदललं की प्रेशर बदलतं, आणि ते प्रेशर परत भिंतीवर बसतं, असं ते चक्र आहे.

यातच गृहीतक आलं: आत सगळीकडे प्रेशर एकच, तापमान एकच. फ्लुइड वाहतंय, हेलकावे खातंय, वर कमी खाली जास्त प्रेशर आहे, यातलं काही दिसणार नाही (वजनाचं काय ते प्रश्न १५ मध्ये).

२. मग सरळ आतून प्रेशर लोड लावला तर काय बिघडतं? एवढी भानगड कशाला?

पुष्कळदा काहीच बिघडत नाही, जाड भिंत असेल आणि थोडंच फुगवायचं असेल तर प्रेशर लोड लावा आणि मोकळे व्हा. पण वाढदिवसाला फुगा तोंडाने फुगवलाय ना? सुरुवातीला गाल दुखेपर्यंत जोर लावावा लागतो आणि एकदा का तो थोडा फुगला की पुढे सहज फुगतो. म्हणजे प्रेशर आधी चढतं, एका टोकाला जातं आणि मग फुगा मोठा होत असताना प्रेशर चक्क कमी होतं. आता तुम्ही प्रेशर लोड हळूहळू वाढवत नेलात तर त्या टोकाला पोचल्यावर सॉल्व्हरला पुढचा जवळचा उपायच नाही, तो इन्क्रीमेंट (लोडचा एकेक छोटा टप्पा) कापत कापत शेवटी जॉब सोडून देतो. मेल येतो, "सर मेश खराब आहे का", मेश चांगला असतो हो, तुम्ही प्रेशर मागताय जे तिथे अस्तित्वातच नाही.

निओ-हूकियन (रबराचं सगळ्यात साधं गणिती मॉडेल) रबराच्या पातळ गोल फुग्यासाठी हे हाताने काढता येतं. प्रेशर हे (१/λ − १/λ⁷) च्या प्रमाणात असतं, λ म्हणजे त्रिज्या मूळच्या किती पट झाली ते. टोक येतं λ = ७ चं सहावं मूळ, म्हणजे १.३८ ला, व्हॉल्यूम तेव्हा मूळच्या √७ म्हणजे साधारण २.६५ पट झालेलं असतं. व्हॉल्यूम मात्र कायम वाढतच जातं, म्हणून व्हॉल्यूमला धरून चाललात तर टोक आरामात ओलांडता येतं. रबर निओ-हूकियन नसेल तर टोक येईलच असं नाही, मूनी-रिव्हलिन या दोन कॉन्स्टंटच्या मॉडेलमध्ये दुसऱ्या कॉन्स्टंटचं पहिल्याशी प्रमाण ०.२१ च्या आसपास किंवा त्याहून जास्त झालं की गोल फुग्याला टोकच उरत नाही, प्रेशर चढतच राहतं.

३. व्हॉल्यूम कंट्रोलचा ऑप्शन कुठे आहे? मला कुठेच सापडत नाहीये.

सापडणार नाही, कारण "व्हॉल्यूम इतकं कर" असं बटणच नाही. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: डिग्री ऑफ फ्रीडम ८ वर बाउंडरी कंडिशन (मग प्रेशर तुमचं, व्हॉल्यूम येईल ते), फ्लुइड फ्लक्स (मास, म्हणजे वस्तुमान, तुमचा), आणि फ्लुइड एक्सपान्शन अधिक तापमान (त्याच मासची घनता तुमची). पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे पाण्याचा मास ठरवला की व्हॉल्यूम ठरलंच, म्हणून दुसरा आणि तिसरा रस्ता म्हणजेच व्यवहारात व्हॉल्यूम कंट्रोल.

कुठला निवडायचा हे सॉफ्टवेअरला विचारू नका, तुमच्या टेबलावरच्या प्रयोगाला विचारा. सिरिंज पंपाने पाणी ढकलताय? मास. रेग्युलेटरने हवा देताय? प्रेशर. टोक बंद करून ठेवलेला टायर आहे? मास ठरलेला आणि तो बदलत नाही. मला येणाऱ्या मेलपैकी निम्म्याहून जास्त मेलमध्ये चूक इथेच असते, प्रयोगात हातात एक गोष्ट आणि मॉडेलमध्ये दुसरीच, आणि मग ग्राफ जुळत नाही म्हणून बिचाऱ्या मटेरियल कॉन्स्टंटना झोडपलं जातं.

४. फ्लुइड फ्लक्सला आकडा किती द्यायचा? मला ३० एमएल पाणी भरायचंय.

फ्लक्स म्हणजे मासचा रेट आहे, व्हॉल्यूमचा नाही, इथेच लोक घसरतात. ३० एमएल म्हणजे ३०,००० घन मिलिमीटर. पाण्याची घनता या युनिट्समध्ये १ई-९ टन प्रति घन मिलिमीटर. गुणाकार ३ई-५ टन. स्टेपचा वेळ १ असेल तर फ्लक्स ३ई-५, वेळ १० असेल तर ३ई-६. आत जाणारा पॉझिटिव्ह, बाहेर काढायचा असेल तर मायनस.

स्टॅटिक स्टेपमध्ये वेळ नावापुरता असतो असं आपण शिकलेलो असतो, पण इथे रेट आहे त्यामुळे तो वेळ खरोखर मोजला जातो. कुणीतरी सहज म्हणून स्टेपचा वेळ १ चा १०० करतो आणि मग बोट फुटेपर्यंत फुगतं.

मी तरी फ्लक्स कायम कीवर्ड एडिटरमधूनच टाकतो.

५. सगळं बरोबर दिलं तरी पाणी बरोब्बर अर्धंच भरलं गेलंय. हे कसं?

"बरोब्बर अर्धं" हे वाचल्यावर मला पुढचं वाचावं लागत नाही. तुमचा रेट स्टेपभर शून्यापासून चढत गेलाय. रेट रॅम्प झाला की त्याखालचं क्षेत्रफळ त्रिकोणाचं, म्हणजे निम्मं. फ्लक्सला स्वतः अॅम्प्लिट्यूड (वेळेनुसार आकडा कसा बदलेल त्याचा तक्ता) द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत १. सुरुवातीला एकदम धक्का नको असेल तर अॅम्प्लिट्यूड गुळगुळीत घ्या, पण त्याचं क्षेत्रफळ काढून आकडा त्या हिशोबाने वाढवा.

याचंच दुसरं रूप: पुढच्या स्टेपमध्ये काहीच न करता बोट फुगतच राहतं. फ्लक्स स्वतःहून थांबत नाही, मागच्या स्टेपमधला पुढे चालू राहतो, तो मुद्दाम काढावा लागतो. नळ उघडा ठेवून गावाला जाण्यासारखं आहे.

६. ती तापमानवाली ट्रिक काय आहे? पाणी गरम करून फुगवायचं म्हणजे?

खरं पाणी कोणी गरम करत नाही, हे निव्वळ हिशोबातलं तापमान आहे. न दबणारं फ्लुइड घ्या, त्याला खोटा एक्सपान्शन कोइफिशंट द्या आणि कॅव्हिटीच्या रेफरन्स नोडवर तापमान बदला. मास तोच, घनता कमी झाली, म्हणून व्हॉल्यूम वाढायलाच हवं: नवं व्हॉल्यूम = जुनं × (१ + ३ × कोइफिशंट × तापमानातला फरक). कोइफिशंट १/३ ठेवलात तर तापमान १ ने वाढवलं की व्हॉल्यूम दुप्पट, २ ने वाढवलं की तिप्पट. तापमान म्हणजे थेट "किती पट जास्त" असा आकडा होऊन बसतो.

मला फ्लक्सपेक्षा हीच पद्धत आवडते. फुगवा, सोडा, परत फुगवा असं दहा वेळा करायचं असेल तर एक अॅम्प्लिट्यूड लिहिला की झालं, रेट आणि वेळेचा हिशोब नाही, प्रश्न ५ मधली गंमत नाही. पण एक काळजी घ्या, तापमान फक्त त्या रेफरन्स नोडलाच द्या. कुणी सगळ्या मॉडेलला देऊन टाकतं, रबराच्या मटेरियलमध्येही एक्सपान्शन लिहिलेलं असतं, आणि मग आतलं पाणी राहिलं बाजूला, भिंतच फुगते. आणि हे पाण्यासाठी, म्हणजे हायड्रॉलिक फ्लुइडसाठी. हवेच्या बाबतीत तापमान खरंखुरं असतं, तिथे ही चलाखी नको.

७. मी सिरिंजने हवा भरतोय, ३० एमएल ढकलली. मॉडेलमध्ये पण ३० एमएल व्हॉल्यूम वाढवलं, पण प्रेशर भलतंच येतंय.

येणारच, हवा दबते ना. तुम्ही पिस्टन ३० एमएल सरकवलात याचा अर्थ बोटाची पोकळी ३० एमएलने वाढली असा होत नाही.

हिशोब करू. सिरिंज ६० एमएल, नळी ५, बोटाची पोकळी १२, एकूण ७७ एमएल हवा वातावरणाच्या दाबाला म्हणजे १०१.३ केपीएला. पिस्टन ३० एमएल ढकलला आणि समजा बोट अजिबात फुगलं नाही, तर राहिली ४७ एमएल जागा, बॉइलच्या नियमाने १६६ केपीए, म्हणजे गेजवर (बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचं तेवढंच) जेमतेम ६४.७ केपीए. हा वरचा टोकाचा आकडा, बोट जितकं फुगेल तितकं त्याहून कमी. तुम्ही मात्र मॉडेलला सांगितलंत की १२ एमएलची पोकळी काहीही करून ४२ कर. ते बिचारं करतं, आणि प्रेशर कुठल्याकुठे जातं.

हवा असेल तर न्यूमॅटिक फ्लुइड (गॅसच्या नियमाने दबणारं) घ्या, मॉलेक्युलर वेट द्या (हवेसाठी २.८९७ई-५ टन प्रति मोल), गॅस कॉन्स्टंट ८३१४, अॅब्सोल्यूट झीरो −२७३.१५, आणि अँबियंट प्रेशर ०.१०१३ विसरू नका. सिरिंज आणि नळीचं व्हॉल्यूम कॅव्हिटीला अॅडेड व्हॉल्यूम म्हणून जोडता येतं, पण पिस्टन हलतोय तेव्हा ते बदलतंय, त्यामुळे मी सरळ एक कडक भिंतींची सिरिंज मॉडेलमध्ये घेऊन तिची भिंत आणि बोटाची भिंत मिळून एकच कॅव्हिटी करतो आणि पिस्टनला डिस्प्लेसमेंट देतो. दिसायला बाळबोध आहे पण प्रयोगात जे केलं तेच झालं.

हे सगळं नको असेल तर प्रयोगच पाण्याने करा, तेही चालतं.

८. गेज प्रेशर की अॅब्सोल्यूट?

रेफरन्स नोडवर दिसतं ते गेज. अँबियंट प्रेशर वेगळं देतो आणि गॅसच्या समीकरणात दोन्हींची बेरीज जाते. इनिशियल कंडिशनमध्ये १०१ केपीए लिहून वर अँबियंटही १०१ दिलात तर टायर सुरुवातीलाच २ अॅटमॉस्फिअरवर असतो.

९. पाण्याचा बल्क मॉड्युलस २२०० एमपीए दिला तर जॉब रखडतो. कमी केला तर चालेल का?

चालतो, पण किती कमी ते मोजून. अबॅकसचे दोन सॉल्व्हर आहेत, स्टॅंडर्ड आणि एक्स्प्लिसिट. स्टॅंडर्डमध्ये बल्क मॉड्युलस (फ्लुइड दाबायला किती कठीण ते) दिलाच नाही तर फ्लुइड पूर्ण न दबणारं धरलं जातं, आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात बरं. एक्स्प्लिसिटमध्ये मात्र द्यावाच लागतो, आणि तिथे मऊ रबराच्या पिशवीत २२०० घातलात तर प्रेशरचा ग्राफ ताप आल्यासारखा थरथरतो.

किती चूक होईल हे काढायला सोपं आहे: प्रेशर भागिले बल्क मॉड्युलस, तेवढ्या प्रमाणात व्हॉल्यूम दबेल. तुमचं बोट २० केपीएवर म्हणजे ०.०२ एमपीएवर चालत असेल आणि बल्क मॉड्युलस २० एमपीए घेतलात तर चूक हजारात एक, ०.१ टक्का. तुमच्या सिरिंजच्या रेघा तरी तेवढ्या बारीक आहेत का? मग २२०० चा हट्ट कशाला. पण हायड्रॉलिक माउंट किंवा जॅकमध्ये प्रेशरच १० एमपीए असतं, तिथे २० घेतलात तर निम्मं पाणी दाबलं गेलं, तिथे ही सवलत नाही.

१०. व्हॉल्यूम निगेटिव्ह येतंय, नाहीतर कॅडमधल्या आकड्याशी जुळत नाही.

निगेटिव्ह असेल तर सरफेस उलटी आहे. नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनात असलेली दिशा) पोकळीच्या आत बघायला हवेत. सॉलिड एलिमेंटच्या भिंतीला हे आपोआप जमतं, शेल आणि मेंब्रेनमध्ये (भिंत नुसत्या पृष्ठभागाने दाखवणारे एलिमेंट) बाजू चुकीची निवडली जाते. काही फॅसेट सुलटे काही उलटे असले तर आणखी वाईट, कारण आकडा पॉझिटिव्हच येतो, फक्त चुकीचा, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

थोडासाच कमी येत असेल तर तो मेश आहे. गोल नळी १६ बाजूंच्या बहुकोनाने दाखवली तर क्षेत्रफळ २.५५ टक्के कमी भरतं, ३२ बाजू घेतल्या तर ०.६४ टक्के. लोक रबराच्या जाडीत चार थर घालतात आणि घेरावर मोजून बारा एलिमेंट ठेवतात, अहो फुगवताय घेराला!

शेलमध्ये आणखी एक गोष्ट, व्हॉल्यूम मधल्या पृष्ठभागापर्यंत मोजलं जातं, जाडी वजा होत नाही. १० मिलिमीटर त्रिज्येच्या नळीला २ मिलिमीटर जाडीची शेल असेल तर खरी आतली त्रिज्या ९, म्हणजे क्षेत्रफळ ८१ आणि १०० असा फरक, तो काही सोडून देण्यासारखा नाही.

११. अर्धंच मॉडेल केलंय, सिमेट्रीच्या कापावर कॅव्हिटी उघडी दिसते. तिथे झाकण लावू का?

नको, फक्त रेफरन्स नोड सिमेट्रीच्या प्लेनवर ठेवा. दोन प्लेन असतील तर ते जिथे छेदतात त्या रेषेवर, अॅक्सिसिमेट्रिक असेल तर अक्षावर. कारण प्रश्न १ मधलेच पिरॅमिड: त्यांचं टोक त्या प्लेनवर असलं की कापलेल्या बाजूचं व्हॉल्यूम शून्य भरतं आणि हिशोब बंद होतो. नोड जरा आत-बाहेर सरकला की व्हॉल्यूम गुपचूप चुकतं. माझे स्वतःचे दोन दिवस यात गेलेत, नोड ३ मिलिमीटर बाजूला होता.

आणि अर्धं मॉडेल असेल तर पाणीही अर्धंच घाला, चतुर्थांशाला चतुर्थांश.

१२. सिमेट्री नाहीये, खरंच तोंड उघडं आहे, जिथून नळी जाते. तिथे काय?

तिथे झाकण लागेल. कडक बूच असेल तर बूचच मॉडेल करा. नाहीतर सरफेस एलिमेंट लावा, त्यांना स्वतःचा कडकपणा नसतो, कडेच्या नोडना धरून ते नुसते जागा बंद करतात. झाकणाचे नोड कडेच्याच नोडना जोडलेले असू दे, मधे एखादा सुटा नोड ठेवलात तर त्याला धरायला काहीच नाही, प्रेशर आलं की तो आकाशात जातो.

१३. आधी प्रेशरने भरायचं, मग वाल्व बंद करून पिळायचं. असं एका मॉडेलमध्ये होतं का?

होतं, आणि छान होतं. पहिल्या स्टेपमध्ये डिग्री ऑफ फ्रीडम ८ वर प्रेशर द्या. तेव्हा कॅव्हिटी लागेल तेवढं फ्लुइड आपोआप आत घेते किंवा बाहेर टाकते. दुसऱ्या स्टेपमध्ये ती बाउंडरी कंडिशन काढून टाका (शून्य करू नका, काढा!), त्या क्षणाला जितकं फ्लुइड आहे तितकं सील झालं.

हृदयाच्या डाव्या व्हेंट्रिकलचं चक्र असंच करतात. भरताना प्रेशर १० एमएमएचजीच्या आसपास, म्हणजे ०.००१३३ एमपीए, व्हॉल्यूम साधारण १२० एमएल. मग दोन्ही झडपा बंद, स्नायू आवळतो पण रक्त कुठे जाणार, व्हॉल्यूम तेवढंच आणि प्रेशर झपाट्याने चढतं. इथे ते सील करणं कामाला येतं. पुढे महाधमनीची झडप उघडली की फ्लुइड एक्स्चेंजने दुसऱ्या कॅव्हिटीत एकाच दिशेने वाट द्यायची. एमएमएचजीचं एमपीए करताना १३३.३ ई-६ ने गुणा, एक शून्य इकडेतिकडे झालं की हृदय फुग्यासारखं उडतं, पाहिलंय मी.

शून्य करणं आणि काढणं यातला फरक परत सांगतो कारण हा प्रश्न फार येतो. शून्य केलं म्हणजे झाकण उघडलं, सगळं पाणी गेलं. काढलं म्हणजे झाकण बंद केलं. आणि प्रेशरची कंडिशन चालू असताना त्याच कॅव्हिटीला फ्लक्सही देऊ नका, घातलेलं पाणी प्रेशर टिकवायला लगेच बाहेर सोडलं जातं, तुमचा आकडा वाया.

१४. दोन चेंबर आहेत, मधे एक भिंत. कॅव्हिटी एक की दोन?

मधे वाट असेल आणि पाणी सहज इकडून तिकडे जात असेल तर एकच. सिलिकॉनच्या बोटात दहा चेंबर दिसतात पण आतून सगळे जोडलेले, एकच सरफेस, एकच नोड, दहा कॅव्हिटी करू नका.

वाट नसेल तर दोन, दोघांना वेगळे नोड. मधली भिंत शेलची असेल तर तिची एक बाजू एका सरफेसमध्ये आणि दुसरी बाजू दुसऱ्या. वाट आहे पण अरुंद आहे, हायड्रॉलिक माउंटसारखी, तर दोन कॅव्हिटी आणि मधे फ्लुइड एक्स्चेंज, आणि तिथे रेट आहे म्हणून वेळ खरा ठेवा (प्रश्न ४).

दोन सारखेच फुगे नळीने जोडून बघायचे असतील तर जरूर बघा, दोघं समान फुगतील असं वाटतं आणि एक मोठा होतो, दुसरा बारका राहतो. मॉडेल अगदी हुबेहूब असेल तर संगणक दोघांना समानच ठेवेल, एकाच्या जाडीत अर्धा टक्का फरक टाका मग खरं काय ते कळेल.

१५. पाण्याचं वजन धरलं जातं का? माझी पाण्याची पिशवी खाली लोंबत नाहीये.

नाही धरलं जात. प्रेशर सगळीकडे एकच, ग्रॅव्हिटी लावलीत तरी ती रबराला लागते, पाण्याला नाही. १०० मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा फरक जवळजवळ १ केपीए असतो. बोट २० केपीएवर चालत असेल तर ५ टक्के, सोडून द्या. पण पातळ पिशवी २ केपीएवर असेल तर तेच निम्मं झालं.

थोडक्यात भागवायचं असेल तर कॅव्हिटीबरोबर भिंतीवर हायड्रोस्टॅटिक प्रेशर लोडही लावा, त्याची पातळी मात्र जागेवर स्थिर असते, पिशवी खूप हलली तर ते खोटं पडतं. डायनॅमिकमध्ये तर पाण्याचा मासच हिशोबात नाही, पिशवी भलतीच हलकी होऊन नाचते, तिथे भिंतीच्या नोडवर पाण्याचा मास वाटून द्यावा लागतो. हेलकावेच बघायचे असतील तर कॅव्हिटी सोडा, पाणी खरंच मेश करा किंवा कण पद्धतीकडे जा.

१६. व्हॉल्यूम कंट्रोल लावला तरीही एका जागी अडकतंच. तुम्ही तर म्हणालात टोक ओलांडता येतं?

प्रेशरचं टोक ओलांडता येतं हो, व्हॉल्यूमचंही टोक असू शकतं. घुमट उलटा होणारी रचना, किंवा प्रश्न १४ मधले जोडलेले फुगे घ्या, तिथे कधी कधी रस्ता असा वळतो की पुढे जायला व्हॉल्यूमच कमी व्हावं लागतं. तुम्ही वाढवताय, ती जागा नाहीच, म्हणून ती रचना त्याच व्हॉल्यूमला "टक्" करून दुसऱ्या आकारात उडी मारते. स्टॅटिक सॉल्व्हरला उडी मारता येत नाही.

अशा वेळी डायनॅमिक इम्प्लिसिट क्वासी-स्टॅटिक घ्या, उडी खरोखर होऊ द्या. स्टॅबिलायझेशन (हालचालीला खोटा विरोध) टाकूनही जातं, पण मग त्यात किती ऊर्जा गेली ते स्ट्रेन एनर्जीशी ताडून बघा, नाहीतर तुम्ही रबर नाही, गुळाच्या पाकातलं रबर सोडवताय.

उडीची शंका घेण्याआधी साधं तपासा: भिंती आतून एकमेकांना लागतायत आणि कॉन्टॅक्ट दिलेला नाही, रबराला हायब्रिड एलिमेंट (न दबणाऱ्या मटेरियलसाठीचे) नाहीत, एनएलजिऑम (आकार खूप बदलतो तो हिशोबात धरणारा ऑप्शन) बंद आहे. आणि पूर्ण न दबणारं पाणी घालून पोकळीच्या सगळ्याच नोडना पकडून ठेवलं असेल तर कुठलाच सॉल्व्हर काही करू शकत नाही, बाटलीत मावेल त्याहून जास्त पाणी मागताय.

१७. पाणी बाहेर खेचलं तर प्रेशर −३०० केपीए दाखवतंय. हे शक्य आहे का?

मॉडेलमध्ये शक्य, तुमच्या टेबलावर नाही. हायड्रॉलिक फ्लुइडला कुणी सांगितलेलंच नाही की पाण्याला ताणलं तर बुडबुडे होतात, ते स्प्रिंगसारखं ताण घेत राहतं. २० अंशांना पाण्याचं व्हेपर प्रेशर २.३ केपीए अॅब्सोल्यूट, म्हणजे गेजवर साधारण −९९ केपीएला ते उकळायला लागेल. त्याच्याखालचा ग्राफ खोडून टाका. आणि पाण्यात आधीच हवा विरघळलेली असते, सिरिंजच्या कोपऱ्यात एखादा बुडबुडा असतोच, त्यामुळे प्रयोगात त्याच्या बऱ्याच आधी गडबड सुरू होते.

१८. आमच्याकडे अबॅकस नाही.

हीच कल्पना बाकीकडेही आहे. अॅन्सिसमध्ये हायड्रोस्टॅटिक फ्लुइड एलिमेंट आहेत, एचएसएफएलडी २४१ आणि २४२, तिथेही एक प्रेशर नोड असतो. एलएस-डायनामध्ये एअरबॅगच्या कुटुंबात लिनिअर फ्लुइड सापडेल, नाव एअरबॅग असलं तरी पाण्याला चालतं. फुकटात हवं असेल आणि काम बायोमेकॅनिक्सचं असेल तर फेबिओ बघा, त्यात बंद सरफेसचं व्हॉल्यूम धरून ठेवणारा कन्स्ट्रेंट आहे. आणि कोड स्वतः लिहायचा असेल तर व्हॉल्यूम काढायला डायव्हर्जन्स थिअरम पुरतो, भिंतीवरचं स्थान आणि बाहेर बघणारा नॉर्मल यांचा डॉट गुणाकार गुणिले फॅसेटचं क्षेत्रफळ, यांची बेरीज भागिले तीन, प्रेशर हा त्याचा लॅग्रांज मल्टिप्लायर.

१९. आलेलं उत्तर बरोबर आहे हे कशावरून? गाइड विचारतात.

गाइड बरोबर विचारतात. आधी गोल फुगा करा, अॅक्सिसिमेट्रिक, मेंब्रेन, त्रिज्या १० मिलिमीटर, जाडी ०.५, निओ-हूकियन, शिअर मॉड्युलस ०.४ एमपीए (सी१० म्हणजे त्याच्या निम्मा, ०.२, इथेही लोक चुकतात). सुरुवातीचं व्हॉल्यूम ४१८९ घन मिलिमीटर यायला हवं. एका सेकंदात २.९३ई-५ टन पाणी घाला, व्हॉल्यूम आठपट होईल आणि त्रिज्या दुप्पट. वाटेत प्रेशर २४.८ केपीएला टोक गाठेल, व्हॉल्यूम साधारण ११,०८० असताना, आणि शेवटी १९.७ केपीएवर उतरलेलं असेल.

व्हॉल्यूमसाठी सीव्हीओएल आणि प्रेशरसाठी पीसीएव्ही हे दोन आउटपुट रेफरन्स नोडवर मागून ठेवा, डिफॉल्टच्या भरवशावर राहू नका. स्वतःच्या मॉडेलमध्ये सगळ्यात आधी शून्याव्या इन्क्रीमेंटचं सीव्हीओएल कॅडशी ताडायचं, नॉर्मल, सिमेट्री, युनिट्स, नव्वद टक्के चुका तिथेच पकडल्या जातात आणि जॉब रात्रभर चालवायची वेळ येत नाही.

२०. पुरी फुगते ते या पद्धतीने दाखवता येईल का? सीरियसली विचारतोय.

सीरियसली सांगतो, सरळ नाही येणार. पुरीत आधी पोकळीच नसते, कणकेतल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रे सुटतात आणि मग जागा तयार होते. कॅव्हिटीला सुरुवातीला थोडं तरी व्हॉल्यूम लागतं, आणि वाफ सतत तयार होतेय म्हणजे मास ठरलेला नाही. तरी वरचा आणि खालचा थर आधीच सुटे धरून, मधे कागदाएवढी फट ठेवून, आत न्यूमॅटिक फ्लुइड म्हणून वाफ घेऊन (मॉलेक्युलर वेट १.८ई-५) तिला फ्लक्स दिला तर फुगण्याचा आकार बऱ्यापैकी येईल. फ्लक्स किती द्यायचा हे पुरी तळण्याआधी आणि नंतर वजन करून निघणार नाही, कारण मधे ती तेल पिते. भाकरी घ्या, तव्यावर तेल नसतं, वजनातला फरक म्हणजे गेलेलं पाणी, निदान वरची मर्यादा तरी मिळेल.